जुन्या मोटारीचा दांडा, ब्रेक आणि बैठक
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



लोणची-मसाले, आरोग्य, बालसंगोपन हे विषय आपल्याकडे दरवर्षी होतात, आणि व्हायलाच हवेत. यंदा “मोटारीवर बोला” असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू उमटले. पण हसणाऱ्यांपैकीच कितीतरी जणी आता स्वतः गाडी काढून भोरच्या बाजाराला जातात, सासूबाईंना पुण्याला डॉक्टरांकडे नेतात. वापरलेली मोठी गाडी पुण्याहून बेताच्या किमतीत मिळते, तिला क्लच नसला की घरातले म्हणतात, “ही बायकांना सोपी.” सोपी खरीच. परंतु सोप्या वस्तूलाही वागवण्याची रीत असते, आणि ती विकणारा सांगत नाही.

आपोआप गिअर बदलणारी गाडी ही कालपरवाची नवलाई नव्हे. अमेरिकेत १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ही सोय होती. आपल्याकडे नाशिकला तयार होणारी महिंद्रची स्कॉर्पिओ २००२ साली आली, आणि तिचा ऑटोमॅटिक प्रकार २००८ साली. आपल्या अंगणात येणाऱ्या अशा गाड्यांनी दहा-पंधरा पावसाळे पाहिलेले असतात, एवढे ध्यानात घ्यावे.

दांड्याशेजारी पी, आर, एन, डी अशी अक्षरे असतात. दांडा ‘पी’वर नेला की गाडी खिळली, अशी पुष्कळांची समजूत आहे. आत काय घडते ते सांगते. गिअरपेटीत एक लहानशी पोलादी खिट्टी दातेरी चाकाच्या खाचेत जाऊन बसते. सपाट अंगणात ती पुरते. उतारावर हॅण्डब्रेक न ओढता गाडी सोडली, तर जवळजवळ दोन टनांच्या गाडीचा उताराकडे ओढणारा भार त्या खिट्टीवर येतो. पुन्हा निघताना दांडा जोर लावून ओढावा लागतो आणि ‘खट्’ असा आवाज होतो, तो या भाराचाच. रोज असे झाले की खिट्टीच्या कडा झिजतात.

दुसरी झीज याहून लबाड. दांडा आणि गिअरपेटी यांच्यामध्ये तारेची केबल असते, आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा किंवा रबराचा बुश. उष्णतेने आणि धुळीने तो ठिसूळ होतो. मग वर दांडा ‘पी’ दाखवतो, पण आत खिट्टी अर्धवटच बसलेली असते.

मांढरदेवीला आम्ही घरची मंडळी गेलो होतो. पुतण्याने उतारावर गाडी लावली, दांडा ‘पी’वर नेला आणि तो उतरला. जाऊबाई मागच्या दारातून नैवेद्याची पिशवी काढीत होत्या. गाडी हातभर मागे सरकली. शेजारच्या गृहस्थांनी चाकाखाली दगड सारला म्हणून निभावले. पुढे एका मोठ्या वर्कशॉपने दांड्याचा सगळा संच बदलण्याचा खर्च सांगितला. गावाकडच्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिले, तर बुशचा भुगा झालेला होता. तेव्हा दांडा खुळखुळ्यासारखा हलू लागला, समोरच्या काट्यांमधले अक्षर आणि दांड्याचे अक्षर जुळेना, किंवा गाडी ‘पी’वर सुरू न होता ‘एन’वर सुरू होऊ लागली, तर आधी बुश आणि केबल पाहायला सांगा.

उभी करण्याचा क्रम असा ठेवा: पायाचा ब्रेक दाबून दांडा ‘एन’वर, मग हॅण्डब्रेक घट्ट, मग पाय हलका करून गाडीचा भार हॅण्डब्रेकवर येऊ द्यायचा, पाय पुन्हा दाबायचा आणि शेवटी ‘पी’. अरुंद गल्लीत गाडी वळवताना चाके पूर्ण थांबल्याशिवाय ‘डी’वरून ‘आर’वर जाऊ नये. घाईचे ते दोन क्षण गिअरपेटीच्या मुळावर येतात.

घाट उतरताना तेल वाचते म्हणून कित्येक पुरुषमंडळी दांडा ‘एन’वर टाकतात. हा हिशेब उलटा आहे. अलीकडच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर डिझेलचा पुरवठा थांबतो. ‘एन’वर मात्र इंजिन चालते ठेवायला डिझेल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा आवर सुटून सगळे ओझे ब्रेकवर पडते. वरंध्याचा किंवा खंबाटकीचा उतार असो, खालचा गिअर धरावा. जळका वास आला तर थांबून ब्रेक निवू द्यावेत.

आता बैठक. जुन्या गाडीत चालकाच्या सीटचा फोम दबून मध्ये खड्डा पडलेला असतो. आपल्यापैकी बऱ्याच जणी पाच फुटांच्या आसपास. मग घरातली उशी खाली घेतली जाते. सुटी उशी जोराच्या ब्रेकला पुढे घसरते, आणि पाय ब्रेकवर हवा तेव्हा नसतो. त्यापेक्षा सीट भरणाऱ्याकडून नवा फोम घालून घ्यावा, कमरेशी थोडा उंचवटा ठेवावा. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. छाती आणि स्टिअरिंग यांत २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे अधिक, अंतर असावे. गरोदर बाईने कमरेचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर घ्यावा. पट्टा टाळू मात्र नये.

या गाड्या आपल्या अंगाला बसत नाहीत, यात आपले काही चुकत नाही. अपघाताच्या चाचणीसाठी जो बाहुला जगभर वापरला गेला, तो सरासरी पुरुषाच्या बांध्याचा होता. सरासरी स्त्रीच्या बांध्याचा बाहुला स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर या विदुषीच्या पुढाकाराने तयार होऊन पुढे आला तो २०२२ साली.

चहा झाल्यावर माझी गाडी बाहेर उभी आहे. ज्यांना सीटचे माप आणि हॅण्डब्रेकचा क्रम करून पाहायचा असेल, त्यांनी एकेक करून यावे. जाऊबाईही आल्या आहेत, त्या दगड घेऊन मागे उभ्या राहतील.