उत्तराचा ताळा आपणच पाहावा



आकड्यांचा हिशेब बरा जमतो, पण आकड्यांच्या जागी अक्षरे आली की हात थांबतो, अशी तक्रार पुष्कळ मुलामुलींची असते. मग 'हे काही आपल्याला यायचे नाही' असे मन घेते आणि वही मिटते. ती मिटू नये म्हणून आज चार गोष्टी सांगतो. उदाहरणे आमगावच्या शेतातली आणि धानाच्या काट्यावरची घेऊ. ती तुम्हांला रोजची ओळखीची.

पहिली गोष्ट, अक्षराला भिऊ नका. क्ष म्हणजे जिची किंमत अजून कळलेली नाही अशी संख्या. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात तिला 'यावत्तावत्' म्हटले, आणि अशा संख्या एकाहून जास्त आल्या तेव्हा कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे घेतली. नाव कोणतेही द्या, शोधायची ती संख्याच.

दुसरी गोष्ट, बरोबरचे चिन्ह म्हणजे तराजू. समजा, एका पारड्यात सारख्या वजनाचे धानाचे तीन कट्टे आणि १० किलोचे माप आहे; दुसऱ्यात १३० किलोची मापे आहेत आणि काटा मध्यावर उभा आहे. म्हणजे ३क्ष + १० = १३०. दोन्हीकडून दहा-दहा किलो उतरवा, काटा हलायचा नाही. उरले ३क्ष = १२०. आता दोन्हीकडचा तिसरा हिस्सा घ्या; क्ष = ४०. 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' एवढेच पाठ करणारा मुलगा पुढे ३ सुद्धा वजा करून बसतो आणि क्ष = ११७ लिहितो. तराजू डोळ्यांपुढे असला तर असे होत नाही. म्हणून एका ओळीत एकच पायरी लिहा आणि दोन्ही पारड्यांना काय केले ते शेजारी नोंदवा.

तिसरी गोष्ट, पुस्तकातला शब्द घरच्या बोलीत सांगून पाहा. आपल्या भागात कोणाच्या घरी पोवारी बोलतात, कोणाच्या घरी हिंदी. 'सहगुणक' म्हटले की दचकायला होते. 'क्ष किती वेळा घेतला ते सांगणारा आकडा' म्हटले की झाले. उणे चिन्हाचेही तसेच. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज असे धरून चिन्हांचे नियम सांगितले. कोणी आपले कर्ज वजा केले तर आपला फायदाच की नाही? म्हणून ५ − (क्ष − ३) याचे उत्तर ८ − क्ष येते. कंसातले ३ कर्ज होते, ते फिटले.

सूत्रेही अशीच पाहावीत. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे घाईत लिहिले जाते. चौरस बांधी डोळ्यांपुढे आणा. तिची बाजू अ + ब. त्या मापांवर एक धुरा उभा आणि एक आडवा घाला; चार तुकडे पडतील. दोन चौरस, आणि अ × ब मापाचे दोन लांबट. अ = २, ब = ३ घेऊन पाहा. पूर्ण बांधी २५, दोन चौरस मिळून १३. राहिलेले १२ त्या दोन लांबट तुकड्यांचे.

आता चौथी आणि सर्वांत मोलाची गोष्ट : ताळा. क्ष = ४० आले की ते मूळ समीकरणात घालून बघा. तीन चोक बारा, म्हणजे १२०, आणि १०, झाले १३०. अर्ध्या मिनिटाचे काम! ११७ घालून पाहिले असते तर ३६१ आले असते आणि चूक तिथेच सापडली असती. निबंध बरा की वाईट हे गुरुजींनीच सांगावे लागते; समीकरण सुटले की नाही हे मात्र तुमचे तुम्हांला कळते. ज्याला शिकवणी परवडत नाही, घरी विचारायला कोणी नाही, त्याच्याजवळही हा परीक्षक रात्रंदिवस हजर असतो.

तेव्हा आज रात्री एवढे करा. पुस्तकातले सोडवलेले एक उदाहरण वाचा, ते हाताने झाका आणि स्वतः सोडवा. मग ताळा पाहा. जुळला नाही तर चुकलेली ओळ खोडू नका. तिच्याखाली कारण लिहा. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजचा असा अर्धा तास अधिक उपयोगी पडेल. उद्याही वही उघडी ठेवा.