अडथळ्यांची शर्यत



रुक्मिणीचे माहेर म्हणून ज्या गावाची ख्याती आहे, आणि जेथून आषाढीसाठी पालखी वर्धेच्या काठावरून थेट पंढरपुरापर्यंत पायी जाते, त्या कौंडण्यपुरात पायांचे महात्म्य निराळे सांगावयास नको. तरीही आजचा विषय ऐकून काहींच्या मनात शंका आली असेल. व्याख्यानमालेत संतांवर बोलावे, इतिहासावर बोलावे, शेतीच्या प्रश्नांवर बोलावे. एका धावपटूच्या कारकीर्दीत आपणांस शिकण्यासारखे काय आहे? माझे उत्तर असे की, वऱ्हाडातल्या कोणत्याही रस्त्यावर पहाटे पाहा. पोलीसभरतीसाठी आणि सैन्यभरतीसाठी मुले अंधारात धावत असतात. ही आपलीच मुले आहेत. त्यांच्या धावण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न खेळाचा तर आहेच, पण तो समाजाचाही आहे.

ज्या देशाला ज्या खेळाची परंपरा नाही, त्या देशातील एकटा खेळाडू जगाच्या स्पर्धेत उतरतो तेव्हा त्याची स्थिती मोठी विलक्षण असते. तुर्कस्तानातला तरुण बर्फावरच्या स्केटिंगमध्ये रशियन आणि जपानी खेळाडूंच्या रांगेत उभा राहतो, किंवा आपल्या मनालीचा शिव केशवन १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिकांत बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतीत एकाकी उतरतो, तेव्हा त्यांच्या मागे ना वडीलधाऱ्यांचा अनुभव असतो, ना घरच्या प्रेक्षकांची जाण. अशा खेळाडूंचे मोल पदकांच्या तक्त्यावरून करणे हा अन्याय होय. आपल्या महाराष्ट्रातले असे उदाहरण म्हणजे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे.

त्यांची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेसची. हिचा जन्म इंग्लंडातला. एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतील कुंपणे व ओढे ओलांडीत घोडे पळविण्याची तेथे रीत होती. पुढे घोडे गेले आणि माणसे पळू लागली. आज या शर्यतीत अठ्ठावीस वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे तीन फूट. साध्या हर्डल शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो. हा जाडजूड लाकडी ओंडका पडत नाही. पडतो तो धावणारा. दमलेल्या छातीने, भिजलेल्या बुटांनी आणि घोळक्यातल्या धक्काबुक्कीत दर वेळी पाऊल मोजून टाकावे लागते. १९६८ च्या मेक्सिकोपासून २०१६ च्या रिओपर्यंत ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये केनिया उतरला, त्या प्रत्येकात या शर्यतीचे सुवर्णपदक केनियाकडेच गेले. त्या देशात उंच पठारावर लहानपणापासून टोळीने धावणारी मुले असतात. आपल्याकडे काय होते? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गुलझारा सिंग मान या शर्यतीत उतरले होते. त्याच हेलसिंकीत साताऱ्याच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. कुस्तीला आपल्याकडे गावोगाव तालमी होत्या. स्टीपलचेसला मात्र त्यानंतर जवळजवळ सात दशके आपला एकही पुरुष ऑलिंपिकला पात्र ठरला नाही.

साबळे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा, शेतकऱ्याच्या घरात. शाळा दूर, वाहन नाही, म्हणून रोज कित्येक किलोमीटरची पायपीट. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले ते पदकाच्या आशेने नव्हे, पोटासाठी. सियाचीनची बर्फाळ ठाणी त्यांनी पाहिली, राजस्थानचे वाळवंट पाहिले. स्पर्धेत धावण्यास त्यांनी आरंभ केला तो सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतींतून, २०१५ साली, वयाच्या विशी-एकविशीत. सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळविले. म्हणजे जो मुलगा लहानपणापासून पायांवर उभा होता, त्याच्या पायांत काय आहे हे ओळखणारा मनुष्य भेटायला इतकी वर्षे लागली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी मला तिच्याकडेच यावयाचे आहे.

गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये नोंदविलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम सदतीस वर्षे टिकला होता. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे साबळे यांनी तो ८ मिनिटे २९.८० सेकंदांत मोडला. त्यानंतर ते स्वतःचाच विक्रम पुन्हापुन्हा मोडीत गेले. २०१९ च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत घोळक्यातल्या अडथळ्यामुळे त्यांची लय तुटली. भारतीय चमूने दाद मागितली, ती मान्य झाली, आणि अंतिम शर्यतीत ८ मिनिटे २१.३७ सेकंद वेळ देऊन ते तेरावे आले. या वेळेनेच त्यांना टोकियो ऑलिंपिकचे दार उघडले. परंतु २०२१ मध्ये टोकियोत ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही ते प्राथमिक फेरीतच थांबले. आयुष्यातली सर्वांत वेगवान शर्यत धावावी, आणि ती अपुरी ठरावी! स्पर्धेचा हा कठोर न्याय आहे.

मग आले २०२२ चे बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ ते २०१८ पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियानेच नेली होती. साबळे शेवटच्या फेरीत पुढच्या केनियन धावपटूच्या पाठीला लागले. अब्राहम किबिवोत यांची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे यांची ८ मिनिटे ११.२०. अंतर पाच शतांश सेकंदांचे. डोळ्याची पापणीही इतक्या लवकर मिटून उघडत नाही. रौप्यपदक मिळाले, आणि त्याहून मोठी गोष्ट ही की केनियाची ती मिरास मोडली.

यानंतर सारे सरळ झाले असे मात्र नव्हे. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ते पुन्हा प्राथमिक फेरीतच गळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगझाऊ येथे आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक त्यांनी ८ मिनिटे १९.५० सेकंदांच्या स्पर्धा-विक्रमासह जिंकले. या शर्यतीत भारतीय पुरुषाचे ते पहिले आशियाई सुवर्ण. पाच हजार मीटरचे रौप्यही त्यांनी आणले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद, आणि पुढच्याच महिन्यात तेथेच ऑलिंपिकची अंतिम फेरी. या शर्यतीत तेथवर पोहोचलेले ते पहिले भारतीय पुरुष. क्रमांक अकरावा.

आता कोणी म्हणेल, अकरावा म्हणजे काय? घरी काय आणले? या प्रश्नाला मी बगल देणार नाही. ऑलिंपिकचे पदक आणले नाही, हे खरे. परंतु २०१८ पासून २०२४ पर्यंत सहा वर्षांत त्यांनी आपल्या वेळेतून जवळजवळ वीस सेकंद कमी केले. त्याआधीच्या सदतीस वर्षांत सगळ्या देशाला एक सेकंदही कमी करता आला नव्हता. एका माणसाने देशाची मोजपट्टी बदलली. यापुढे जो मुलगा या शर्यतीत येईल, त्याला आठ मिनिटे तीस सेकंद ही मजल वाटणार नाही. तो आरंभ वाटेल. परंपरा नसलेल्या ठिकाणी परंपरा सुरू करणे, यापरते मोठे काम कोणते?

आणि आता आपल्याकडे वळू. वऱ्हाडाला व्यायामाची परंपरा नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, आणि १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी त्याच्या चमूने आपले देशी खेळ जगाला दाखविले. तेव्हा आपल्या मातीत कस नाही, असे कोणी म्हणू नये. उणीव आहे ती पाहणाऱ्या डोळ्यांची. भरतीत मुलगा सोळाशे मीटर धावतो. जागा थोड्या, उमेदवार फार. नाव लागले नाही की वर्षानुवर्षांचे धावणे एका दिवसात वाया गेले असे घरचे म्हणतात, आणि तोही तसेच मानतो. साबळे भरती झाले म्हणून त्यांच्याकडे प्रशिक्षकाची दृष्टी गेली. ज्यांचे नाव लागले नाही, त्यांच्यातला असा एखादा कोणी पाहिला? तो आज कोठे आहे, कोणास ठाऊक!

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. शाळेच्या मैदानात चुन्याने आखलेले चारशे मीटरचे रिंगण, गुरुजींच्या हातात एक स्टॉपवॉच, आणि मुलामुलींच्या वेळा लिहून ठेवणारी एक वही. याला मोठे अनुदान लागत नाही. जी मुलगी वा मुलगा वर्षभर आपली वेळ सुधारीत जाईल, त्याचे नाव तालुक्याला कळवा, जिल्ह्याला कळवा. आणि ज्याची वेळ फार सुधारणार नाही, त्यालाही कालच्या स्वतःपेक्षा आज आपण कोठे आहोत हे कळेल. भरतीच्या यादीपलीकडेही धावण्याला अर्थ आहे, हे त्याला कोणी सांगावयास हवे.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत साबळे यांच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला ते मुकले. ओंडका पडत नाही, हे मी आरंभी सांगितले. त्याला ओलांडूनच जावे लागते, आणि एकदा ओलांडला की पुढच्या फेरीत तो तेथेच उभा असतो. आपल्या गावातल्या पोरांच्या वाटेतले ओंडके आपण हलवू शकणार नाही कदाचित. पण त्यांच्या उडीची नोंद ठेवणे तरी आपल्या हाती आहे. तेवढे करू या.