मधल्या फळीतला जुना मोहरा

हिंजवडीला लागूनच बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे. पुणे सिटी हा फुटबॉल संघ 2014 पासून 2019 पर्यंत तेथे आपले सामने खेळत असे. तो संघ पुढे मोडला. परंतु त्याच्याशी झुंजण्यास येणाऱ्या गोवा संघाचा खेळ ज्या श्रोत्यांनी पाहिला असेल, त्यांस मोरोक्कोचा अहमद जाहू स्मरत असेल. कदाचित नसेलही, कारण तो गोल क्वचितच करी, आणि प्रेक्षकांचे डोळे चेंडूमागे धावत असतात.

जाहू मधल्या फळीतला. 2017 साली तो गोव्यास आला आणि प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा ह्यांच्या हाताखाली खेळला. 2020 मध्ये दोघेही मुंबई सिटी संघात गेले. त्याच्याजवळ वेग बेताचाच, पण जागेची जाण विलक्षण. आपल्या गोलरक्षकाकडे चेंडू आला, की तो पुढे धावण्याऐवजी मागे सरके आणि दोन बचावपटूंच्या लगत उभा राही. एवढ्या दहापंधरा पावलांनी सगळा डाव पालटे. मागे दोघांचे तिघे झाल्यामुळे प्रतिपक्षाचे आघाडीवीर अपुरे पडत, आणि दोन्ही कडांचे फुलबॅक निर्धास्तपणे पुढे चढत. मूळचा आघाडीचा खेळाडू मंदार राव देसाई डावा फुलबॅक म्हणून शोभला, त्याचे एक कारण हेच असावे. जाहूवर कोणी धाडावा, तर मध्ये वाट मोकळी होई. न धाडावा, तर त्याचा लांब, तिरपा पास थेट पलीकडच्या कडेस पोहोचे.

1925 साली ऑफसाइडचा नियम बदलल्यावर हर्बर्ट चॅपमन ह्यांच्या आर्सेनलनेही सेंटर-हाफला असेच मागे ओढले होते. पण ते बचावासाठी. जाहू मागे जाई तो चढाई रचण्यासाठी.

मात्र हा एकखांबी तंबू होता. 2019 च्या अंतिम सामन्यात, मुंबईच्या मैदानावर, जादा वेळेत जाहूला लाल कार्ड मिळाले. थोड्याच वेळात बंगळूरच्या राहुल भेकेने कॉर्नरवरून गोल केला आणि गोवा हरला. नोव्हेंबर 2020 मध्ये मुंबईकडून पहिल्याच सामन्यात त्याला पुन्हा लाल कार्ड, पुन्हा एका गोलाने हार.

13 मार्च 2021 रोजी फातोर्डा येथे मुंबईची गाठ मोहन बागानशी पडली. जाहू तेव्हा बत्तीस वर्षांचा. अठराव्या मिनिटास, त्याच्या त्या आवडत्या मागच्या जागी, रॉय कृष्णाने त्याच्या पायांतून चेंडू काढून घेतला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. अशा वेळी दुसरा खेळाडू ती जागा टाळता. जाहू तेथेच पुन्हा उभा राहिला. अकरा मिनिटांनी त्याने बिपिन सिंगच्या दिशेने लांब चेंडू टाकला. तो परतवू जाता तिरीने आपल्याच जाळ्यात डोके मारले. नव्वदाव्या मिनिटास बिपिनने विजयी गोल केला. साखळीतील अग्रस्थानाची ढाल मुंबईने आधीच मिळवली होती. आता चषकही आला.