उनकेश्वरची वाट

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सरहद्दीवर, पैनगंगेच्या परिसरात, किनवट तालुक्यात उनकेश्वर हे उष्णोदकाचे क्षेत्र आहे. निजामी अंमलात आदिलाबाद जिल्ह्यात मोडणारा हा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेडला जोडला गेला. मोटारीने थेट देवळाशी उतरण्यापेक्षा शेजारच्या एखाद्या गावाहून हिवाळ्यातल्या सकाळी पायी निघावे, कारण गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे आणि सागवानाची वने यांनी समृद्ध असा हा मुलूख चालणाऱ्यालाच खरा उमगतो. शरभंग ऋषींच्या व्याधिनिवारणार्थ प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे झरे उत्पन्न केले, अशी लोकश्रद्धा आहे. भूशास्त्र सांगते, की पर्जन्याचे जल खडकांच्या भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि वाटेतील क्षार विरघळवून घेत पुन्हा वर येते. मला या दोन्ही कथा सारख्याच प्रिय आहेत. गंधकयुक्त म्हणून ख्यात असलेल्या या पाण्यात त्वचारोगी मोठ्या आशेने स्नान करतात. तथापि अंगावर उघडी जखम असल्यास वैद्याच्या सल्ल्यावाचून कुंडात उतरू नये, आणि चालून आल्यावर घटकाभर विसावा घेऊन, पाणी प्रथम हाताने अजमावूनच स्नान करावे.