पाळी गेल्यानंतर

52व्या वर्षी माझी पाळी गेली. त्या रमजानमध्ये सगळे रोजे सलग धरता आले, सुटल्यासारखं वाटलं. दीड वर्षानं पुन्हा डाग दिसला. आपा म्हणाली, "उष्णता असेल, सब्जा घे." मी घेतला! कवितेत सगळं लिहिणारी मी, डॉक्टरांकडे जायला महिना लावला.

बाई रागावल्या. 12 महिने पाळी बंद राहिल्यावर थेंबभर रक्त गेलं, तरी ती पाळी नव्हे. बहुतेकदा कारण साधं असतं. कधी गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो, आणि लवकर सापडला तर बहुधा बरा होतो. सोनोग्राफी झाली, अस्तराचा तुकडा तपासला. साधा पॉलिप निघाला.

रिपोर्ट सांगितला, तशी आपानं दार लोटलं. "मलाही जातं गं. दोन वर्षं झाली."

सोमवारी तिला घेऊन जाते आहे.