स्मरणापासून विचाराकडे



उल्हास नदीस २६ जुलै २००५ रोजी महापूर आला. २७ जुलै २०१९ रोजी तिच्याच पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली व हजारांवर प्रवाशांची सुटका करावी लागली. या तारखा विद्यार्थी पाठ करतील. पण ते केवळ स्मरण होय. ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्यांपैकी ती पहिली. आकलन, उपयोजन, पृथक्करण, संयोजन आणि मूल्यमापन या पुढील होत.

त्या चढावयाच्या तर प्रश्न बदलावयास हवा. नदीकाठी भराव झाल्यास पाणी कोठे पसरेल? अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाजवळून उल्हासनगरकडे जाणारी वालधुनी कशामुळे दूषित झाली? कोणता उपाय प्रथम करावा, आणि का? अशा प्रश्नांना मार्गदर्शिकेत तयार उत्तर नसते. विद्यार्थ्यास नकाशा पाहावा लागतो, वडीलधाऱ्यांना विचारावे लागते. चुकलेले उत्तरही कारणासह आले, तर शिक्षकाने ते फळ्यावर मांडून वर्गाकडून तपासून घ्यावे.

हाच प्रश्न उद्या नगरपालिकेत वा ग्रामसभेतही विचारला जाईल. त्यास उद्धटपणा न मानता मोठ्यांनी उत्तर दिले, तरच पुढील पुरापूर्वी नदीकाठ सावध होईल.