नळीतून औषध देताना

(यंदाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या आरतीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून कोणी नाट्यसंगीतावर बोलते, कोणी गडकोटांवर. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. प्रवासी डब्यांच्या देखभालीत उभे आयुष्य गेले. समितीने विषय विचारला तेव्हा मी म्हटले, मला वक्तृत्व नाही, पण एक काम मी रोज करतो, त्याबद्दल सांगू शकेन. ते काम म्हणजे माझ्या मुलीला पोटातल्या नळीतून औषध देणे. सचिव क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हेच बोला."

आमच्या मुलीला आपण बहुतेकांनी पाहिले आहे. उत्सवात ती चाकाच्या खुर्चीत समोरच्या रांगेच्या कडेला असते आणि ढोल वाजला की हसते. वय अकरा. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, जोडीला फिट्स येतात. गिळण्याचे स्नायू वेळेवर काम करत नाहीत, त्यामुळे तोंडातला घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते. लहानपणी तीन हिवाळे न्यूमोनियात गेले, आणि दिल्लीचा हिवाळा कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. आधी नाकातून नळी होती, जिला आपल्याकडे सगळे 'रायल्स ट्यूब' म्हणतात. जॉन रायल या इंग्रज डॉक्टरांनी ती १९२१ मध्ये वापरात आणली, त्यांचेच हे नाव. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी थेट पोटात नळी बसवली. तिला 'पेग' म्हणतात. माझ्या मुलीला पेग आहे असे सांगितले की दिल्लीत लोक आधी हसतात. ही पद्धत १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुग्णालयात डॉ. गॉडरर आणि डॉ. पॉन्स्की यांनी प्रथम केली, आणि पहिला रुग्ण काही महिन्यांचे बाळच होते. पोट न उघडता, दुर्बिणीने पाहत नळी बसवायची.

नळीच्या जाडीचे मापही गमतीचे आहे. शारिएर नावाचे पॅरिसचे एक शस्त्र-उपकरणे बनवणारे कारागीर होते, त्यांच्यावरून 'फ्रेंच' हे माप आले. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, तोही बाहेरचा व्यास. मुलांच्या नाकातली ८ फ्रेंचची नळी बाहेरून २.६७ मिलिमीटर भरते, आतली वाट त्याहून अरुंद. त्या वाटेने सकाळ, दुपार, रात्र औषध जायचे आहे. फिटचे औषध चुकले तर फिट येऊ शकते. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन अचानक बंद पडले तर जिवावर बेतू शकते. म्हणून नळी तुंबणे ही आमच्या घरी मोरी तुंबण्यासारखी गोष्ट नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सुटण्यापूर्वी आमच्याकडे ब्रेकची 'कंटिन्युइटी' पाहतात, म्हणजे इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवा पोचते की नाही ते. घरीही पहिले काम तेच. मुलीला अर्धवट बसते करायचे, निदान ३० अंश, आणि औषधानंतर अर्धा तास तसेच ठेवायचे. नळीवरची खूण जागेवर आहे का ते पाहायचे. नाकातली नळी असेल तर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी मुद्दाम जोरात सांगतो. नळीतून हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावून 'फुस्स' आवाज ऐकण्याची पद्धत अजून खूप ठिकाणी शिकवतात. तिच्यावर विसंबू नये, असे इंग्लंडच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ मध्येच सांगितले. नळी फुप्फुसाकडे गेली असली तरी आवाज येऊ शकतो. नळीतून थोडा द्रव ओढून तो पीएच कागदावर टाकायचा. ५.५ किंवा त्याखाली आले तर नळी जठरात आहे असे धरता येते. आम्लपित्ताची औषधे चालू असतील तर आकडा वर जातो. मग अंदाज न करता डॉक्टरांना विचारायचे, गरज पडली तर एक्स-रे.

त्यानंतर पाणी. आधी पाणी, मग एक औषध, पुन्हा पाणी, मग दुसरे औषध, आणि शेवटी परत पाणी. आम्ही उकळून गार केलेले वापरतो. किती मिलिलिटर हे डॉक्टरांनी मुलाच्या वजनावरून ठरवून दिलेले असते. हे पाणीही दिवसाच्या हिशेबात धरायचे, विशेषतः हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर.

"सगळी औषधे एकत्र कालवून एकदाच दिली तर काय बिघडते?" हा प्रश्न मला आमच्या डेपोत, सासरी आणि एका डॉक्टरच्या प्रतीक्षागृहातही विचारला गेला आहे. आपल्यात गलाईचा व्यवसाय करणारे विटा-खानापूरकडचे बरेच बांधव बसले आहेत. कशात काय मिसळले की काय होते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? दोन औषधे एकत्र आली की कधी गुठळी होते, कधी एक दुसऱ्याला निकामी करते. दुधात किंवा फीडमध्ये मिसळले तर आणखी वेगळी अडचण. फेनिटॉइन हे फिटचे जुने औषध फीडबरोबर दिले तर अंगात कमी उतरते, म्हणून आधी आणि नंतर फीड थांबवावे लागते. किती वेळ ते डॉक्टर सांगतात. कार्बामाझेपिनचे पातळ औषध नळीच्या आतल्या बाजूला चिकटते, ते पाण्याने पातळ करून द्यावे लागते. काही सिरपमध्ये गोडीसाठी सॉर्बिटॉल असते, त्याने जुलाब होतात आणि घरचे बिचारे फीड बदलत बसतात.

गोळ्यांचे तर विचारूच नका. खलबत्ता आपल्या हाताशी असतो, त्यामुळे जे दिसेल ते कुटायचा मोह होतो. पाकिटावर 'एसआर', 'सीआर', 'एक्सआर' अशी अक्षरे असतील तर ती गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. कुटली की सगळा डोस एकदम अंगात. आम्लपित्ताच्या कॅप्सूलमधले बारीक दाणेही कुटायचे नसतात, आणि अखंड सोडले तर बारीक नळीत अडकतात. डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्याला सरळ विचारायचे, "हे नळीतून द्यायचे आहे, पातळ स्वरूपात मिळते का?" बऱ्याचदा मिळते. फक्त त्यांना नळीबद्दल ठाऊक नसते, कारण चिठ्ठी घेऊन मी एकटाच गेलेला असतो. आता आमच्या प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्यावर 'नळीतून' असे लिहून घेतलेले असते.

दोन वर्षांपूर्वी एका रुग्णालयात (नाव सांगत नाही, ते महत्त्वाचे नाही) रात्रपाळीत तिच्या चार गोळ्या एकत्र कुटून एकाच सिरिंजने दिल्या गेल्या. पहाटे नळी बंद. वॉर्डात कोणीतरी २ मिलीची छोटी सिरिंज आणून जोर लावायला निघाले. तेव्हा माझ्यातला रेल्वेवाला जागा झाला, तो हिशेब तुम्हालाही सांगतो. अंगठ्याने ५ किलोचा जोर सहज लागतो. २ मिलीच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण ९ मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.६४ चौरस सेंटिमीटर. दाब झाला जवळजवळ ८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. आमच्या गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये ५ किलो असतो आणि फीड पाइपमध्ये ६! अख्खी गाडी थांबवणाऱ्या पाइपाहून जास्त दाब त्या कोवळ्या नळीत. तोच अंगठा २० मिलीच्या सिरिंजवर ठेवला तर दाब दीड किलोच्या आसपास राहतो. छोटी सिरिंज मापासाठी चांगली, पण अडथळा काढायला कधीच नाही. मी हात धरला, २० मिलीची मागून घेतली आणि कोमट पाण्याने हळूहळू मागे-पुढे करत राहिलो. पाऊण तासाने वाट मोकळी झाली. कोला घालण्याचा सल्ला पुष्कळ देतात, तो घेऊ नये. कोमट पाण्याने निघाले नाही तर दवाखाना. पोटातली नळी पूर्ण निसटली तर मात्र क्षणाचाही उशीर नको, कारण ते छिद्र काही तासांतच आवळू लागते.

फीड पाइपचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्याकडे ब्रेक पाइप हिरवा, फीड पाइप पांढरा, आणि दोन्हींची जोडणीची तोंडे अशी घडवलेली की एकाला दुसरे बसूच नये. अंधारात, पावसात, पेंगुळलेल्या माणसाच्या हातूनही घोटाळा होऊ नये म्हणून. रुग्णालयात शिरेतली नळी आणि पोटातली नळी यांची तोंडे कित्येक वर्षे एकमेकांना बसत होती. पोटाचे औषध शिरेत गेल्याने जगभर माणसे दगावली. पोटाच्या नळीसाठी वेगळ्या तोंडाचे आंतरराष्ट्रीय मानक २०१६ मध्ये आले, त्याला 'एनफिट' म्हणतात. आपल्या बाजारात अजून साध्या तोंडाच्या नळ्या भरपूर विकल्या जातात. म्हणून घरी आम्ही तिच्या सगळ्या सिरिंजना हिरवी पट्टी चिकटवली आहे. मुलीला सलाईन लागले की सौभाग्यवती सलाईनच्या नळीवर लाल चिंधी बांधते. डॉक्टर हसतात, पण चिंधी सोडत नाहीत.

दिल्लीतली एक अलीकडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी नावाचा एक दुर्मिळ आजार आहे, त्यात मुलांचे स्नायू, पुढे गिळणेही, कमजोर होत जाते. त्यावरचे रिस्डिप्लाम हे रोश कंपनीचे औषध पातळ असते आणि नळीतूनही देता येते, पण एक बाटली सहा लाखांच्या घरात. नॅटको या भारतीय कंपनीला ते बनवण्यापासून रोखावे, असा वाद दिल्ली उच्च न्यायालयात चालला. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी खंडपीठाने रोशचे अपील फेटाळले, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही, आणि नॅटकोची बाटली १५,९०० रुपये छापील किमतीला आली. हे औषध सिरिंजमध्ये ओढले की पाच मिनिटांत द्यायचे, नाहीतर फेकून द्यायचे आणि नवा डोस ओढायचा. म्हणजे आधी नळी तपासायची, पाणी सोडून पाहायचे आणि मगच बाटलीला हात लावायचा. इतक्या मोठ्या लढाईनंतर हाती आलेले औषध शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या असलेल्या आईच्या हातून जाते.

आणि मी आज उभा आहे तो त्या आईसाठीच. आमच्याकडे हे काम दोघांनाच येते. माझी रात्रपाळी असली की ती एकटी. मागच्या वर्षी तिची आई जळगावला अत्यवस्थ होती, तेव्हा ती दोन दिवस उशिरा पोचली, कारण मला रजा मिळेपर्यंत औषध देणारे दुसरे कोणी नव्हते. शेजारच्या काकू जेवण आणून देत होत्या, वहिनी रोज फोन करत होत्या, पण नळीला हात लावायला सगळ्यांना भीती वाटते. ती भीती मला समजते. मात्र हे काम शिकता येण्यासारखे आहे. डब्यांच्या तपासणीनंतर आम्ही जसे ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही करून देतो, तसा आमच्या फ्रिजवर तक्ता आहे. वेळ, औषध, बाटलीवरची ताकद, किती मिलिलिटर, पाणी किती, आणि देणाऱ्याची सही. ताकदीचा रकाना मुद्दाम ठेवला आहे, कारण दर महिन्याला ब्रँड बदलतो आणि मिलिग्राम तेच राहिले तरी मिलिलिटर बदलू शकतात. उलटी झाली तर डोस आपल्या मनाने पुन्हा द्यायचा नाही, फोन करायचा. फोन नंबर तक्त्याच्या खाली आहे.

केंद्र सरकारी नोकरीतल्या सहकाऱ्यांसाठी जाता जाता दोन गोष्टी. घरात अपंग मूल असेल तर नेहमीच्या फेरबदलीतून सूट मिळण्याबाबत कार्मिक विभागाचा २०१८ चा आदेश आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना १ लाखापर्यंत संरक्षण आहे. आपल्यातल्या दोन कुटुंबांना हे माहीत नव्हते, म्हणून बोललो.

एक विनंती उत्सवापुरती. तीर्थ-प्रसाद प्रेमाने पुढे करता, ते आम्हाला कळते. पण तिच्या तोंडात तीर्थाचा थेंबही घालू नका, तो फुप्फुसात जाऊ शकतो. तिच्या कपाळाला, तळहाताला लावा. मोदकाचा तिला नुसता वास द्या, तिला तो आवडतो.

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या क्वार्टरमध्ये सौभाग्यवती हे सगळे करून दाखवणार आहे. आधी एका सुट्या नळीवर, पाण्याने. नंतर ज्यांना जमेल त्यांनी दुपारच्या औषधाला प्रत्यक्ष उभे राहायचे, आम्ही शेजारी असूच. तीन घरांतली माणसे आली तरी पुरे. नखे कापून या, अंगठ्या घरी ठेवा. जेवणाची सोय आहे.